मामासाहेबांचा कान

मामासाहेबांच्या अँबेसडरमध्ये बसलं की बोलायचं नाही, हे आम्हा भाचरांना फार लहानपणी कळलं. तसं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पण गाडीने राऊ मागे टाकलं, महूचा रस्ता लागला आणि मागच्या सीटवर कुणी सोयाबीनच्या भावाचा विषय काढला, की मामासाहेबांचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटून वर जायचा. मैफलीत शेजाऱ्याला गप्प करायचा जो हात असतो ना, तोच.

"थांबा. आला."

आम्ही श्वास धरून थांबायचो. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खिडकीबाहेर बघायची. काहीही यायचं नाही.

"गेला," मामासाहेब म्हणायचे. "तुम्ही लोक बोलून राहिले होते ना, म्हणून गेला."

इंजिनातला हा आवाज फक्त मामासाहेबांना यायचा. देवासच्या माणसाला आपल्या कानाचा अभिमान असतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही. रजब अली खाँसाहेब त्या गावात राहिले. १९४८ पासून कुमार गंधर्व राहिले. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं 'भानुकुल'. मामासाहेबांचं म्हणणं असं, की असल्या गावात कुत्रंसुद्धा सुरात भुंकतं, मग माणसाचं काय विचारता. स्वतः त्यांना गाण्यातलं किती कळायचं, हा प्रश्न घरात कुणी विचारत नसे. मैफलीत ते समेवर हात टाकायचे, पण सम येऊन गेल्यावर, पुढच्या रांगेतल्यांचे हात पडलेले बघून. मामी एकदाच म्हणाली होती, "यांचं टायमिंग जरा मागे आहे." तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं, हे लक्षात घेतलं तर निदान अचूकच म्हणायला हवं.

गाण्यातली ही कसर त्यांनी यंत्रात भरून काढली. त्यात नोकरीची भर पडली. ते होते देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये, तपासणीच्या कामावर. छापून आलेल्या कोऱ्या करकरीत नोटेत खोट शोधायची आणि ती नोट बाजूला काढायची, हे त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. जगाला जी नोट पाहून आनंद होतो, तिच्याकडे हा माणूस संशयाने बघत आला. पुढे ते वरणाकडे, पंचांगाकडे आणि जावयाकडेही तसंच बघू लागले. वरणात खोट निघायची. जावयात तर निघायचीच, कारण त्याने मारुती घेतली होती.

मारुतीबद्दल मामासाहेबांचा राग तात्त्विक होता. "तिच्या इंजिनात काय आहे माहितेय? पट्टा! रबराचा पट्टा!" हे ते अशा आवाजात सांगायचे की ऐकणाऱ्याला जावयाच्या चारित्र्याविषयी शंका यावी. मारुती ८०० मध्ये क्रँक आणि कॅम यांना जोडायला दातेरी पट्टा असतो, अँबेसडरमध्ये लोखंडी चेन. पट्टा तुटतो तेव्हा न सांगता तुटतो. चेन आधी बोलते, कुरकुरते, इशारे देते. "खानदानी आहे," मामासाहेब म्हणायचे, "एकदम सोडून जात नाही." त्यांची गाडी ७८ सालची, मार्क थ्री. उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात मॉरिस ऑक्सफर्डच्या अंगावर हिंदुस्थानचं नाव घालून ती बनायची. आत १४८९ सीसीचं बीएमसीचं इंजिन. त्याच घराण्याचं इंजिन विलायतेत एमजीएसारख्या स्पोर्ट गाडीत बसवलेलं होतं, हे कुठेतरी वाचल्यापासून मामासाहेब गाडी ताशी चाळीसने चालवत, पण एमजीएचा चुलतभाऊ चालवतोय अशा ऐटीत.

असा एकेक मामासाहेब मालव्यात गावोगावी सापडेल. धारला सापडेल, उज्जैनला सापडेल, इंदुरात रामबागेत तर गल्लीगणिक. यांची गाडी कुठे जाण्यासाठी नसतेच मुळी. घरातलं माणूस खोकलं तर "काढा घे" एवढ्यावर भागतं. कार्ब्युरेटर खोकला तर रजा टाकली जाते. गाडी उत्तम चालत असली की हे लोक उदास असतात. त्यांना शेजारच्या फियाटवाल्याची दया येते आणि थोडा हेवाही वाटतो, कारण त्याची गाडी सारखी बंद पडते.

मामासाहेबांकडे एक पेचकस होता, चांगला हातभर लांब. त्याने आयुष्यात एकही स्क्रू फिरवला नव्हता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. ही युक्ती खरी आहे, जुने मिस्त्री असंच ऐकतात. आतला आवाज लोखंडातून थेट कानात येतो. फरक एवढाच की मिस्त्री ऐकून झाल्यावर पेचकस खाली ठेवतो. मामासाहेबांनी देवासच्या आणि इंदूरच्या मिळून झाडून साऱ्या मिस्त्र्यांना ऐकायला लावलं होतं. एकाने फॅन बेल्ट बदलला, एकाने वॉटर पंप. एकाने काहीच न बदलता "हो गया" म्हणून सांगितलं, त्याच्यावर मामासाहेबांचा त्यातल्या त्यात विश्वास होता. आवाज मात्र राहिला. सकाळी पहिला सेल्फ मारला की घटकाभर यायचा, मग विरायचा. आम्ही अंथरुणात असायचो.

तो धामनोदला सगळ्यांना ऐकू आला.

निमित्त महेश्वरचं. मामीचं माहेर तिथलं, भाचीचा साखरपुडा संध्याकाळी पाचला. एप्रिल महिना. मामीने नर्मदेसाठी झेंडू आणि मोगऱ्याचा एक जाडजूड हार देवासहून घेतला होता आणि तो ओल्या फडक्यात गुंडाळून समोर काचेपाशी ठेवला होता. मानपूरचा घाट उतरलो आणि निमाडात आलो. मालव्याच्या गार रात्रीवर लोकांनी पुष्कळ लिहिलंय. निमाडाच्या उन्हावर फारसं लिहिलेलं नाही, कारण लिहायला त्या उन्हात कुणी थांबलेलं नाही. गुजरी गेलं, धामनोद आलं. आग्रा-मुंबई रस्त्यावर ट्रकांची रांग, मंडीकडे निघालेल्या गव्हाच्या ट्रॉल्या, आणि महेश्वरला वळायच्या फाट्याअलीकडे एक चहाची टपरी. चहा झाला, शेव झाली. मामासाहेबांनी सेल्फ मारला.

खळ्ळ-खळ्ळ-खळ्ळ-खळ्ळ.

टपरीवरच्या पोराने गाळणी हातात धरून मान वळवली. ट्रॉलीवरचा शेतकरी उठून उभा राहिला. गाडीखाली सावलीला झोपलेलं कुत्रं बाहेर येऊन रस्त्यापलीकडे गेलं. दुसऱ्या कुणाचा चेहरा अशा वेळी पडला असता. मामासाहेबांच्या चेहऱ्यावर तेज आलं. इतक्या वर्षांचा खटला ते एका क्षणात जिंकले होते, तोही साक्षीदारांसमोर.

"ऐकलं?" त्यांनी एकेकाकडे बघितलं. "ऐकलं? आता बोला."

आता सगळे बोलायला मोकळे होते, आणि इंजिनामुळे कुणाचं काही ऐकू येत नव्हतं.

टपरीला लागूनच निंबाच्या झाडाखाली एक गॅरेज होतं. तिथले उस्ताद ट्रकांचे मिस्त्री, टाटा आणि लेलँडवर हयात घालवलेले. सायलेन्सर नसलेल्या ट्रकांच्या सहवासात त्यांचा एक कान पूर्ण गेला होता आणि दुसरा मनात येईल तेव्हा चालायचा. गावाकडचं विचारावं तर म्हणाले, "धार."

मामासाहेबांचा चेहरा पुन्हा नोट तपासणाऱ्याचा झाला. धार आणि देवास, दोन्हीकडे पवारांचीच गादी. पण देवासकराला धार जिल्ह्याची हद्द लागली की कसंतरीच होतं. त्यांनी मराठीत मला म्हटलं, "ज्या गावात लोखंडी खांबाचे तीन तुकडे होऊन पडले आहेत, तिथल्या माणसाच्या हातात माझं इंजिन द्यायचं?" धारला लाट मशिदीपाशी तो खांब खरंच तीन तुकड्यांत आहे. पण शेकडो वर्षांपूर्वी मोडलेल्या खांबाचा ठपका या उस्तादांवर कसा ठेवणार?

मामासाहेबांनी पेचकस काढला. "उस्ताद, सुनो। पहले खर्ज में बोलता है, फिर रेस देने पर ऊपर जाता है, और बीच में एक खटका..."

"क्या?" उस्ताद म्हणाले.

पेचकस त्यांनी घेतला नाही. त्यांनी नुसता तळहात इंजिनाच्या पुढच्या तोंडावर, पुलीच्या मागच्या पत्र्याच्या झाकणावर ठेवला. एखादं मिनिट ठेवला असेल. मग इंजिन बंद करायला लावलं, प्लग काढले, ठिणगी वाटणाऱ्या डेल्कोचं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, आतल्या रोटरवर नजर ठेव. पुली त्यांनी हाताने इकडून तिकडे हलवली. पुली हलली, रोटर हलला नाही. आणखी थोडी हलवली, तेव्हा कुठे रोटर जागा झाल्यासारखा वळला. पुन्हा उलट फिरवली, पुन्हा तेच. पुली निघायची, रोटर मागाहून यायचा. हा मधला ढिला प्रवास म्हणजे चेनची झीज. एवढं साधं होतं ते. त्याला कान लागत नव्हता, डोळा लागत होता आणि एक हात.

"टायमिंग चेन गई," उस्ताद म्हणाले. "लंबी हो गई।"

"लोहा लंबा होता है?" मामासाहेबांनी उलटतपासणी घेतली.

"लोहा नहीं होता। जोड़ घिसते हैं।"

चेनची प्रत्येक कडी ज्या पिनेवर फिरते, ती पिन आणि तिची बुश दोन्ही झिजतात. एका जोडात केसभरसुद्धा नाही. पण सगळे जोड मिळून चेन ढिली पडते आणि आतल्या झाकणावर आपटत राहते. टेन्शनर तेलाच्या दाबावर तिला ताणून धरायला बघतो. गाडी सुरू करताना दाब आलेला नसतो, म्हणून तेवढा वेळ जास्त खळखळ. मामासाहेबांना सकाळी सकाळी ऐकू यायचं ते हेच. माणूस खोटं सांगत नव्हता. पण हे कबूल करायला कुणी तयार नव्हतं, कारण मग बाकीचेही आवाज कबूल करावे लागले असते.

टायमिंग म्हणजे काय हे मामासाहेबांनी आम्हाला तिथेच, उन्हात उभं करून समजावलं, आणि देवासचा माणूसच ते इतक्या चांगल्या रीतीने समजावू शकतो. देवास एक गाव पण संस्थानं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती; तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून चालत आलेली. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत हा संसार चालला. मामासाहेबांचे वडील धाकट्या पातीत कारकून.

"इंजिनात दोन गराऱ्या," मामासाहेब म्हणाले. "वरची कॅमची, ती मोठी. थोरली पाती. खालची क्रँकची, तिला निम्मे दात. धाकटी पाती. दोघींवरून एक चेन. धाकटीने दोन फेरे मारले की थोरलीचा एक होतो. कामं कोण करतं? पिस्टन कोण ओढतं? धाकटी. आणि व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे, हे फर्मान कोण काढतं? थोरली. आम्हाला हे कुणी शिकवायला नको." त्यांचा आवाज जरा कडू झाला. "आता चेन ढिली झाली. धाकटी पुढे निघून गेली, थोरलीचं फर्मान मागाहून आलं. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, उशिरा मिटतो. डेल्को थोरलीच्या हुकमात, म्हणून ठिणगीसुद्धा उशिरा. मग गाडीला पिकअप कुठून येणार?"

पिकअपचं नाव निघताच मामीने त्यांच्याकडे बघितलं. गेले वर्षभर गाडी चढावर धापा टाकायची, आणि त्याचं खापर मामीच्या फराळाच्या डब्यांवर फुटत होतं.

आता पुढे काय, यावर खरा वाद पेटला. उस्ताद म्हणाले, महेश्वर तेरा-चौदा किलोमीटर, हळूहळू घेऊन जा, साखरपुडा करा, मग इंदूरला नेऊन काम करा. मामासाहेब म्हणाले, अशा अवस्थेत एक फूटसुद्धा नाही. उस्ताद म्हणाले, ठीक आहे, मग इथे करतो. मामासाहेब म्हणाले, इथे करणं शक्य नाही. नेऊ द्यायची नाही आणि करूही द्यायची नाही, अशा जागी येऊन मामासाहेबांचे सगळे वाद थांबायचे आणि तिथे ते फार आनंदात असायचे.

जवळच मंडलेश्वर. आद्य शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा शास्त्रार्थ तिथेच झाला असं तिकडची माणसं मानतात. त्या गोष्टीत पंच होती मंडनमिश्रांची बायको, उभयभारती. तिने दोघांच्या गळ्यात हार घातले, ज्याचा सुकेल तो हरला, असं सांगितलं आणि ती घरच्या कामाला निघून गेली. धामनोदच्या शास्त्रार्थात हार एकच होता. मामीने काचेपाशी हात घालून फडकं उलगडलं. मोगरा तपकिरी पडला होता, झेंडूने माना टाकल्या होत्या.

"हार सुकला," मामी म्हणाली. "उस्तादजी, यहीं कर दो। आणि तुम्ही इथे बसा. मी जाते." रस्त्यावर महेश्वरची बस उभीच होती. मामी त्यात चढली, खिडकीत बसली आणि मागे न बघता साखरपुड्याला गेली. मामासाहेबही बसमध्ये बसून जाऊ शकले असते. पण उघड्या बोनेटला परक्या जिल्ह्यात एकटं सोडून माणसाने साखरपुड्याला जायचं?

माझी रवानगी इंदूरला झाली. धामनोदला ट्रकचं हवं ते मिळतं, अँबेसडरची चेन मिळत नव्हती. निमंत्रणपत्रिकेच्या पाकिटावर मामासाहेबांनी सूचना लिहून दिल्या. चेन घेतल्यावर ती हातात आडवी धर. लोंबकळली तर परत दे. गरारीच्या दातांवरून बोट फिरव. आकड्यासारखा दात वळलेला नको. दुकानदार बोलेल त्यावर विश्वास ठेवू नकोस. सरवटे बसस्टँडला उतरून छोट्या ग्वालटोलीत गेलो, तर दुकानदाराने माझ्या सूचना पूर्ण ऐकूनसुद्धा घेतल्या नाहीत. "भिया, अकेली चेन कोई नहीं डालता," असं म्हणून त्याने चेन, दोन्ही गराऱ्या, टेन्शनर, पॅकिंग आणि ऑइल सील असा सगळा जमाव काउंटरवर मांडला. जुन्या झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली तर ती लवकरच जुनीसारखी होते, हे त्याने बिल करता करता सांगितलं. मी चेन आडवी धरून बघितली. ताठ राहिली. त्याला हसू आलं नाही. त्याच्याकडे मामासाहेबांसारखे रोज येत असणार.

परतलो तेव्हा अंधार पडला होता आणि निंबाच्या फांदीला बल्ब टांगला होता. गाडीचं तोंड उघडं पडलं होतं: रेडिएटर बाहेर, पंखा बाहेर. क्रँकच्या टोकाला हँडल मारायचा जो मोठा नट असतो त्याने म्हणे उस्तादांना तासभर खेळवलं. त्याच्याखालच्या लॉक वॉशरचा कान छिन्नीने सरळ करायचा, गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावायचे, आणि मग पान्याला पाइप जोडून दोघांनी लोंबायचं. सगळे सुटे भाग डिझेलने धुऊन 'नई दुनिया'च्या पानांवर ओळीने मांडले होते. शेजारी खाटेवर मामासाहेब, हातात पेन. प्रत्येक बोल्ट निघाला की तो ते मोजून पत्रिकेच्या पाठीवर लिहीत होते. कुठला लांब, कुठला आखूड, कुठला वरच्या डाव्या कोपऱ्यातला. पत्रिकेच्या पुढच्या बाजूला श्रीगणेशाय नमः आणि वधूवरांची नावं होती.

"चोवीस वर्षं तपासणीत उगाच नव्हतो," ते मला म्हणाले. "एक बोल्ट इकडचा तिकडे होऊ देणार नाही."

आणि खरंच होऊ दिला नाही. पिस्टन टॉपला आणला, तेव्हा दोन्ही गराऱ्यांवरच्या खुणेच्या टिकल्या समोरासमोर आल्या का, हे त्यांनी टॉर्च मारून बघितलं. मग चष्मा पुसून बघितलं. मग मला बघायला लावलं आणि माझ्यावर विश्वास नसल्यामुळे टपरीवरच्या पोरालाही बोलावलं. उस्ताद तोवर बिडी ओढत बसले. ते टिकल्यांवरून अंगठा फिरवून मोकळे झाले होते. नवी चेन दोन्ही नव्या गराऱ्यांवर चढवून, टिकलीला टिकली दाखवत, तिघं मिळून एकदम जागेवर ढकलली. थोरली आणि धाकटी पाती पुन्हा एकमेकींशी बोलू लागल्या. पॅकिंगला शेलॅक लागलं, नवं सील बसलं, झाकण आलं, एकेक बोल्ट मामासाहेबांच्या यादीतून नाव पुकारून आत गेला. पुली, नट, पंखा, रेडिएटर, पाणी. यादीतला शेवटचा बोल्ट गेला तेव्हा मामासाहेबांनी पत्रिकेखाली दोन रेघा ओढल्या आणि सही केली.

मग चहा आला. मामासाहेब खाटेवर रेलले आणि त्यांनी उरलेल्या अंकाचं पान उलटायला घेतलं. निमाडात रात्री वारा सुटतो. पान उडू नये म्हणून त्यांनी दुपारपासून त्याच्यावर एक वजन ठेवलं होतं. पत्र्याची गोल चकती, मध्ये भोक, जराशी खोलगट. ती त्यांनी बाजूला ठेवली.

उस्तादांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"ये क्या है?"

कुणी बोललं नाही. सगळ्यांना ते काय आहे हे दिसत होतं. क्रँकवर गरारीच्या पुढे एक चकती असते, चेनचं तेल उडून थेट सीलवर जाऊ नये म्हणून ते बाहेर भिरकावणारी. तिच्याशिवाय गाडी चालते, पण पुढून तेल गळत चालते. ती चकती दुपारभर मुख्य संपादकीयाचं रक्षण करत होती.

"आपने गिनती की थी ना, साहब?"

मामासाहेबांनी पत्रिका उचलली, वरपासून खालपर्यंत वाचली. "मैंने बोल्ट गिने थे," ते म्हणाले. "यह बोल्ट नहीं है।"

मुद्दा बिनतोड होता. उस्तादांनी बिडी विझवली आणि रेडिएटर पुन्हा काढायला घेतला. त्यानंतरचा सगळा वेळ मामासाहेब टॉर्च धरून उभे राहिले, उजवा हात दुखला की डावा, आणि एक शब्द बोलले नाहीत. फक्त चकती बसवायची वेळ आली तेव्हा राहवलं नाही. "खोलगट बाजू बाहेर," ते पुटपुटले. बरोबर होतं ते. पण उस्तादांचा चांगला कान पलीकडे होता.

मध्यरात्र उलटून गेल्यावर सेल्फ मारला. इंजिन धरलं आणि काही ऐकू आलं नाही. म्हणजे इंजिन चालू होतं, पंखा फिरत होता, पण खळखळ गायब. उस्तादांनी तळहात झाकणावर ठेवला, मान हलवली. मामासाहेबांनी पेचकस टेकवला, डोळे मिटले, जागा बदलली, पुन्हा मिटले. बऱ्याच वेळाने डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येईना. "काही नाही," ते म्हणाले. वैद्याने आजार नाही असं सांगितल्यावर काही लोकांना वाटतं, तेवढं त्यांना वाईट वाटलं होतं.

पहाटे महेश्वरला मामीला घ्यायला गेलो. वाटेत मी मोठ्याने बोलून बघितलं; हात वर आला नाही. परतीच्या वाटेवर मामी साखरपुड्याचं सगळं साग्रसंगीत सांगत होती, कुणाला कुठलं लुगडं, जेवणात काय कमी पडलं. मामासाहेब ऐकत होते. त्यांना ऐकावं लागत होतं. मानपूरचा घाट गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली, फराळाच्या डब्यांसकट, आणि त्यावरही ते काही बोलले नाहीत.

पुढचे काही आठवडे देवासच्या घरी वाईट गेले. सकाळी गाडी सुरू व्हायची, मामासाहेब बोनेट उघडून उभे राहायचे, बोनेट मिटून घरात यायचे. इंजिनातलं संपल्यामुळे ते घरातलं ऐकू लागले. फ्रिज गुरगुरतो, पंखा कण्हतो, मामी वाटी जोरात ठेवते. जावई आला तर त्याच्या मारुतीला, दोन वेळा ऐकून, "बरी आहे" म्हणाले. तेव्हा मात्र मामी घाबरली. तिने मला फोन केला: "यांना एकदा धामनोदला घेऊन जा रे. म्हणावं, नर्मदेवर जाऊन येऊ."

उस्ताद निंबाखालीच होते. मामासाहेबांनी तक्रार मांडली: आवाज येत नाही, तेव्हा तो कुठेतरी दबून राहिला असला पाहिजे. उस्तादांनी ती दोनदा ऐकून घेतली, कारण पहिल्यांदा ऐकू गेली नव्हती. मग त्यांनी वरचं टॅपेट कव्हर काढलं आणि फिलर गेज मागवलं. मामासाहेब पान आणायला टपरीकडे गेले होते. या इंजिनात आठ टॅपेट, प्रत्येकाची फट पंधरा थाऊची. उस्ताद एकेकात पत्ती सरकवून बघत गेले. सातव्यापाशी थांबले, चेक नट सैल केला, पेचकसाने स्क्रू किंचित मागे घेतला, नट आवळला. मी बघतोय हे त्यांना दिसलं.

"टाइट टॅपेट वॉल्व जलाता है," ते म्हणाले. "ढीला सिर्फ बजता है।" आणि कव्हर बसवून टाकलं.

मामासाहेब आले. सेल्फ मारला. मामासाहेबांनी सवयीने पेचकस टेकवला, आणि बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं तेज चढायला लागलं. पेचकस एक घर पुढे, एक घर मागे, पुन्हा पुढे. पानाचा तोबरा सांभाळत ते ओरडले, "उस्ताद! सात नंबर!"

"क्या?"

"सात नंबर का टॅपेट! टिक-टिक कर रहा है!"

उस्तादांनी तळहात कव्हरवर ठेवला, विचारात पडल्यासारखं केलं. "अगले महीने ले आना, साहब। देख लेंगे।"

मामासाहेबांनी मागितले त्याहून पाच रुपये जास्त दिले, डायरीत पुढच्या महिन्याची तारीख लिहिली आणि गाडी महेश्वरकडे न वळवता सरळ देवासच्या रस्त्याला लावली. गुजरी येईपर्यंत ते स्वतःशीच मान डोलवत होते. मग माझ्याकडे झुकून, खाजगीतलं सांगावं तसं हळूच म्हणाले, "बघितलं ना? धारचा माणूस. एवढा मिस्त्री म्हणवतो, पण सात नंबर त्याला कळला का?"